परसातली टाकी

लढाई संपल्यावर आमचे मालक पलटणीतून उंब्रजला परत आले, ते संडासाची टाकी बांधायचं मनात घेऊनच. परसात खड्डा खणून त्यांनी दगडी टाकी बांधली, वर फरश्या टाकल्या. गावानं नावं ठेवली. मला मात्र अंधार पडायची वाट बघावी लागत नव्हती, याचंच अप्रूप होतं.

उन्हाळ्यात टाकीतला गाळ काढायचा. "पलटणीत आमचं आमीच काढायचो," म्हणत ते स्वतःच कामाला लागत. फरशी सरकवायची, आतली कोंडलेली विषारी हवा जावी म्हणून दिवस कलेपर्यंत टाकी उघडी ठेवायची, मग बादलीनं गाळ ओढून उसाच्या बांधाजवळ पुरायचा. काठावर बसणाऱ्यानं काखेखालून दोरी बांधायची, तिचं दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला. आत मात्र कुणी उतरायचं नाही.

एका वर्षी धाकटे दीर मदतीला होते, काखेखालून दोरी बांधून काठावर बसले होते. अर्ध्यावर बादलीची दोरी तुटली आणि बादली आत पडली.

"ऱ्हाऊ दे ती," म्हणत हे दुसरी आणायला गोठ्यात गेले.

"भावजी, उतरू नका," मी म्हणाले.

"आवं वयनी, गुडघाभर तर गाळ हाय." त्यांनी पाय आत सोडले.

खाली वाकले आणि तसेच भिंतीला टेकून बसले. मी हाक मारली. ओ नाही. मान छातीवर पडली होती.

माझ्या ओरडण्यानं हे धावत आले. मी काठाकडे झेपावले तशी त्यांनी मला मागं ढकललं. "खाली जाऊ नगं. दोरी धर." दोघांनी ओढायला सुरुवात केली. माझे तळहात सोलले. देह काठावर अडकला, तेव्हा ह्यांनी सदऱ्याला धरून वर खेचला.

दिरांचे ओठ काळेनिळे पडले होते. हे त्यांना कुशीवर वळवून पाठ चोळत राहिले. मी छातीकडे बघत होते. ती हलत नव्हती. मग एक घरघर आली, खोकला आला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "बुजवा ती टाकी. माझं लेकरू गिळत हुती."

सासूबाईंपुढे मी कधी तोंड उघडत नसे.

"बुजवू नका, आत्याबाई," मी म्हणाले. "झाकण पक्कं करा. पर बुजवू नका."

त्या माझ्या हातांना बांधलेल्या फडक्यांकडे बघत राहिल्या. मग उठून चुलीपाशी गेल्या.

आठवड्यानं दिरांनीच कराडहून जाड कडीचं झाकण आणलं.