चौकशीसाहेब आणि दुसरी सही

चौकशीसाहेबांचा कुणावरच विश्वास नव्हता. मेसमध्ये डाळ आली की ती तळापर्यंत ढवळून पाहायचे. बसवाला 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, करत असला तरी चारही टायर बघितल्याशिवाय पाय आत घालायचे नाहीत. बहरीनमधल्या सलमाबादच्या आमच्या पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ते स्टोअरकीपर होते, मूळचे अमरावतीकडचे. खरं नाव फक्त रेसिडेंट कार्डावर उरलं होतं.

नवं बेअरिंग आलं की सीलबंद खोका फोडून ते कानाशी धरून फिरवत. मग शिक्का पडे, पास किंवा रिजेक्ट. रिजेक्टला दुसऱ्या माणसाची सही लागे. हा नियम त्यांनीच घातला होता, कारण स्वतःवरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. दुसरी सही बहुतेक माझीच असायची. मी घाईनं पेन काढलं की म्हणत, "पहिले पाह्य. मंग सही कर."

माणसं कमी करणार अशी कुणकुण होती तेव्हाची गोष्ट. साहेब जेवणाच्या सुट्टीत मोबाईल आणि एक लाल रजिस्टर घेऊन रॅकमागे बसू लागले. कुणी जवळ गेलं की रजिस्टर मिटायचं. हा गृहस्थ आपली नावं वर पाठवतोय, याची आम्हा सगळ्यांना खात्री पटली. मी तर त्यांच्याशी धड बोलणंही सोडलं. एकदा ते चहा आणायला गेले तेव्हा मी रजिस्टर उघडलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

आत लिहिलं होतं, 'माल: मोबाईल गेम. पुरवठादार: कन्या.' खाली एकोणतीस दोष.

"मले डाउटच होता तू उघडशील," मागून आवाज आला. "आता वाचलंच हाये तं बस."

त्यांची मुलगी पुण्यात गेम बनवायची. चारच जणांचं ऑफिस. आधी गोळीबाराचे तीन गेम काढले होते. हा त्याच घराण्यातला, पण यात नायक आपोआप धावतो, आपण टिचकी मारून त्याला फक्त उडी मारायला लावायचं. साहेबांना सगळंच संशयास्पद वाटत होतं. "चार पोट्टे एका खोलीत बसतात अन् त्याले ऑफिस म्हन्तात. अन् हा गडी पाह्य. बंदूक हातात हाये, तरी पयते काहून? याच्या मांगं कोन हाये?"

त्यांनी इथल्याच जुफैरच्या एका ऑफिसात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. व्हिसाचा फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये तयार होता. गेम नापास ठरला की तिला सांगायचं, ते सोड आणि इकडे ये. "पोट्टी तीन वर्षांची होती तवा मी इकडं आलो. तिले वाढताना फोनातच पाह्यलं," ते म्हणाले. एरवी इतकं बोलणारा माणूस नव्हे तो.

सातव्या पुलावर टिचकी मारली तरी नायक उडी न मारताच पडायचा. साहेबांना आधी आपल्या बोटाची शंका आली. म्हणून मला खेळायला लावलं, मग बहरिनी ड्रायव्हरला. तो तीनदा पडला आणि "खलास" म्हणून फोन परत देऊन गेला. तेव्हा कुठे दोष पक्का झाला आणि यादी पुण्याला गेली.

आठवड्यानं तिचा व्हिडिओ कॉल आला. मी समोरच होतो. "बाबा, सातव्या पुलाचं बरोबर निघालं. आम्ही चौघं महिनाभर शोधत होतो. तुम्ही कसं पकडलं?"

पडद्यावर ती मागे वळून बाकीच्यांना हसत सांगत होती, "माझे बाबा." ते नुसते बघत राहिले. मग दुरुस्त झालेला गेम उतरवून घेतला आणि तीन दिवस सातवा पूलच खेळले.

पुढे माझी कंपनीच्या अस्करच्या वर्कशॉपला बदली झाली. शेवटच्या दिवशी चार्ज देऊन निघालो तर साहेबांनी बोलावलं. टेबलावर व्हिसाचा फॉर्म होता. त्यावर रिजेक्टचा शिक्का, खाली त्यांची सही. कारणाच्या जागी बारीक अक्षरात, 'मालाची तिकडे गरज आहे.'

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, पोरगी जवळ आली असती तुमच्या."

त्यांनी पेन पुढे केलं. नजर फॉर्मवरच होती. "सही कर. मंग पाहू."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच न बघता सही करायला सांगितलं. मी केली.