कमरेच्या नावावर

तेलीबांध्याच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. कोणी चिडो, घाबरो की कुणाचं डोकं दुखो, त्यांचा उपाय एकच: पोटानं श्वास घ्या. कोणाशी भांडतानाही त्या आधी फासळ्यांखाली हात ठेवून इतका लांब श्वास सोडतात, की समोरचा उत्तराची वाट पाहून कंटाळतो आणि निघून जातो.

मागच्या महिन्यात जिन्यात सिलिंडर उचलताना माझी कंबर धरली. मी भिंतीला टेकून, श्वास रोखून उभा राहिलो. काकू बाहेर आल्या.

"काहून श्वास कोंडून राहिले, भैया? त्यानं तर अजून आखडते. बसा. पोट फुगू द्या, इथं कोण पाहून राहिलं?"

मी पायरीवर बसलो आणि त्या सांगतील तसा श्वास घेत, सोडत राहिलो. कळ थोडी सैलावली, पण तिच्यासोबत दुसरंच काहीतरी सुटलं. उन्हाळ्यात आई गेली तेव्हा सगळ्यांना सावरण्याच्या नादात मी रडलोच नव्हतो. आता हुंदके आवरेनात. तेवढ्यात वरून बायकोच्या चपला वाजल्या.

काकू मला झाकून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अवो बाई, यांची कंबर लई धरली! पोट्ट्यावानी रडून राहिले!" मग हळूच मला म्हणाल्या, "घ्या रडून. कमरेच्या नावावर."

संध्याकाळपर्यंत कंबर बरीच मोकळी झाली. पण तोवर काकूंनी साऱ्या इमारतीला खबर दिली होती. घरोघरून तेलं आणि शेकायच्या पिशव्या आल्या. पुढचा आठवडाभर मी जिन्यात वाकूनच चाललो.