टेकडीवरचा रोवणा

चिखलाची मला कधी किळस वाटली नाही. धानाच्या मुलखात राहायचं आणि चिखलाला नाक मुरडायचं, हे जमत नाही. पण अड्याळच्या पुढच्या त्या खडकाळ टेकडीवर मी जो चिखल पाहिला, तो आठवला तरी अजून तोंडातला घास तोंडातच फिरतो.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा नावाजलेली जंगलं तिकडे गेली. आमच्याकडे धान राहिलं, तलाव राहिले, आणि पाहुण्यांना दाखवायला काही उरलं नाही ही हळहळ राहिली. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्या टेकडीवर, करपलेल्या गवतात, खडकाच्या फटींत मला माकडशिंगी दिसली. पानं जवळपास नाहीतच, नुसती बोटाएवढी जाड, रसाळ, हिरवी कांडी. आमच्या भागात ती मला दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती. फूल गडद जांभळं, आणि वास कुजक्या मांसाचा, कारण तिला माश्या बोलवायच्या असतात. टेकडीखालच्या गावात सभा घेऊन मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, हिला जपा.

गावानं लगेच समिती केली. एक निवृत्त गुरुजी अध्यक्ष झाले. माणूस सालस, पण फोटोत झळकायचा भारी शौक. पुढे पावसाळ्यात आजारी आईजवळ मी महिनाभर नागपूरला राहिले. परतले तेव्हा गुरुजी मला मोठ्या थाटात टेकडीवर घेऊन गेले.

वर पाहते तर काय, सपाट खडकावर माती आणून चारी बाजूंनी बांधासारखे धुरे घातलेले. आत पाणी तुंबवून पोटरीभर चिखल केलेला. आणि त्या बांधीत माझ्या माकडशिंग्या, लावणीच्या वेळी धानाचे पऱ्हे रोवतात तशा, ओळीनं रोवलेल्या. गावच्या बायांनी गाणी म्हणत रोवणा केला म्हणे. शेजारी हार घातलेला फलक होता. त्यावर समितीतल्या सगळ्यांची नावं होती, झाडाचं तेवढं राहून गेलं होतं.

भपकन वास आला. मी वाकून एक कांडी उचलली, तर ती हातातच फुटली आणि पुवासारखं पिवळट पाणी बोटांवरून ओघळलं. 

"वास येऊन राहिला ना?" गुरुजी हरखून म्हणाले. "तुमीच सांगतलं होतं, फुलावर आली का असा वास येते. काल तालुक्याच्या साहेबाले आणून दाखवलं. नाक दाबून खूश झाले ते!"

फूल एकही नव्हतं. कुणी वाकून पाहिलंच नव्हतं. त्या साहेबाची, त्या हाराची, नाक दाबून झालेल्या त्या खुशीची मला शिसारी आली. पाणी दिलं की सगळं तरारतं, याच्या पलीकडे या लोकांना काही सुचतच नाही.

"गुरुजी, ही सडली आहे. पाण्यानं सडली," मी म्हटलं.

"सडन कशी? पाणी तं तुटू नाई देलं आमी."

 मी खडकावर चढले आणि एकेक फट धुंडाळू लागले. एखादी तरी यांच्या नजरेतून सुटली असेल. एक कांडी मिळाली असती, तरी तिच्यावरून पुन्हा रोपं धरता आली असती. गुडघे सोलवटले, नखांत माती गेली.

"मॅडम, कायले शोधता?" गुरुजी मागून समजुतीनं म्हणाले. "बकऱ्या खातीन म्हणून पुरी टेकडी हिंडलो आमी. एक कांडी बी नाई सोडली."