छातीची थंडी, पायाची थंडी

चाळीस वर्षं होत्झे पोस्तुमाने समुद्राच्या बांधावर दगड बसवले. बसाल्टचा दगड, गुडघ्याएवढा उंच. तो उचलायचा नसतो. फिरवत फिरवत जागेवर न्यायचा आणि शेजारच्या दगडाला असा भिडवायचा, की फटीत चाकूचं पातं शिरू नये. दिवसाला सहा चौरस मीटर म्हणजे चांगलं काम. होत्झे सात करायचा. त्याचे गुडघे त्या सातव्या मीटरनेच खाल्ले, असं त्याची पुतणी फ्राउक्ये म्हणायची.

काम सुटल्यावर टेरमार गावाने त्याला बर्फमास्तर केलं. गावाबाहेर दोनशे मीटरची गोल डांबरी वाट आहे. उन्हाळ्यात मुलं तिच्यावर चाकांचे बूट घालून फिरतात. हिवाळ्यात तिच्याभोवतीच्या बुटक्या बांधात वीतभर पाणी सोडायचं. ते गोठलं की गाव स्केट बांधून उतरतं. गोठलं तर. तीन हिवाळे ते गोठलं नव्हतं. गावच्या स्केटिंग मंडळाचे सभासद निम्म्यावर आले होते. जमिनीचा मालक रेन्झे मार्चमध्ये भाडेपट्टा संपण्याची वाट बघत होता. त्याला तिथे मका लावायचा होता.

ऑक्टोबरच्या सभेत फ्राउक्ये कागद घेऊन उभी राहिली. ती लेउवार्डन शहरातल्या बँकेत होती आणि मंडळाची खजिनदार होती.

"आपण हवामानाचा करार विकत घेतलाय," ती म्हणाली. "तीन हजार युरो आपण द्यायचे. डिसेंबर ते फेब्रुवारी, सलग तीन दिवस दर दिवसाचं सरासरी तापमान उणे दोनच्या खाली गेलं, तर आपले पैसे गेले. नाही गेलं, तर कंपनी आपल्याला दहा हजार देणार. म्हणजे तीन वर्षांचं भाडं सुटलं."

होत्झेने कॉफीचा कप खाली ठेवला.

"म्हणजे थंडी पडू नये यावर आपण पैसे लावले?"

"लावले नाहीत, काका. आधार घेतला."

"बर्फाचं मंडळ आपण. कोळ्याने जाळं रिकामं यावं म्हणून पैज लावावी तसं झालं हे."

"रिकामं तर तीन वर्षं येतंच आहे," मागून रेन्झे म्हणाला. "मास्तर, निदान आता त्याचे पैसे तरी मिळतील."

सगळे हसले. होत्झे हसला नाही. "मोजणार कुठे? माझ्या खांबावर थर्मामीटर आहे."

"तुमच्या खांबावर कोण विश्वास ठेवणार? होर्नझाइलला हवामान खात्याचं केंद्र आहे. तिथला आकडा."

"सतरा किलोमीटरवर?"

"सतरा किलोमीटरवर."

त्या रात्री त्याला झोप आली नाही असं नाही. होत्झे रोज दहाला झोपायचा. पण सकाळी सायकल काढून तो होर्नझाइलला गेला. समोरून वारा होता. दीड तास लागला. जे आपल्या बर्फाचा निवाडा करणार, ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू.

वाटेत त्याने मनात इमारत उभी केली होती. माणसं, फाटक, घंटा. तिथे एक कुरण होतं. कुरणाला तारेचं कुंपण. आत कापलेलं गवत, आणि गवताच्या मधोमध खांबावर एक पांढरी वस्तू. एकावर एक बश्या उपड्या ठेवाव्यात तशी. माणूस एकही नाही. एक बगळा होता, तोही उडून गेला.

होत्झेने टोपी काढली. का काढली ते त्याला सांगता आलं नसतं. त्या बश्यांच्या आत सुईएवढी वस्तू हवा चाखत होती आणि आकडा पाठवत होती. त्या आकड्यावर टेरमारचं मैदान, कुठल्या तरी बागायतदाराची कोबी, गॅस विकणाऱ्या कंपन्या, सगळं लटकलेलं. आणि तिला काही माहीत नाही. तिला कोणी दम देत नाही, कॉफी पाजत नाही. आयुष्यात त्याने पुष्कळ मुकादम पाहिले. असा एकही पाहिला नव्हता.

मग कारागिराची नजर जागी झाली. त्याने कुंपणाबाहेर उभं राहून आपल्या अंगाशी उंची ताडली. बश्या त्याच्या छातीपाशी येत होत्या. दीड मीटर. तो खाली वाकला, गुडघे कुरकुरले, आणि त्याने गवताला हात लावला. सकाळचे दहा वाजले होते. वर हवा बोचत नव्हती, पण गवताच्या मुळाशी पांढरं दहिवर अजून कडक होतं.

"हं," होत्झे म्हणाला.

हे यंत्र छातीची थंडी मोजत होतं. बर्फ पायापाशी होतो.

घरी येऊन त्याने फ्राउक्येला फोन लावला. "कागदात बर्फ शब्द आहे?"

"नाही."

"स्केटिंग?"

"नाही, काका. नुसतं तापमान. होर्नझाइलचं."

"म्हणजे वर उणे दीड असलं आणि माझ्याकडे बर्फ झाला, तर?"

"तर बर्फही आपला, पैसेही आपले."

"लबाडी नाही ना ती?"

"कसली लबाडी?"

"विचार त्यांना. मला चोरीचा बर्फ नको."

तिने विचारलं. कंपनीतला माणूस म्हणे हसला, आणि म्हणाला, तुम्ही खुशाल स्केटिंग करा, आम्ही आकडा बघतो, तुमच्या गावात हत्ती नाचले तरी आमचं काही म्हणणं नाही. होत्झेने ते दोनदा सांगायला लावलं.

डिसेंबर ओला गेला. जानेवारीचे तीन आठवडे तसेच. मग बावीस तारखेपासूनचा अंदाज आला: तीन दिवस निरभ्र, रात्री उणे पाच, दिवसा शून्याच्या जरा वर, वारा नाही. सरासरी उणे दोनच्या आसपास. वीतभर पाणी गोठायला ती थंडी पुरत नाही. हे लहान पोरालाही कळतं.

होत्झे मैदानावर गेला आणि त्याने बांधातली फळी उचलून सगळं पाणी बाहेर सोडून दिलं.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. रेन्झे ट्रॅक्टरवरून आला. "काय मास्तर, दुकान बंद? आजच नांगर आणू का?"

"पाणी जाड असलं की ऊब धरून बसतं," होत्झे म्हणाला. "मी पातळ देणार. एकावर एक. तुझ्याकडे चाऱ्यावर झाकायचं प्लास्टिक आहे, पांढऱ्या बाजूचं?"

"आहे की. कशाला?"

"दिवसा ऊन बर्फ खाईल म्हणून. तीन मोठे तुकडे दे."

रेन्झेने इंजिन बंद केलं. "माझीच जमीन अडवायला माझंच प्लास्टिक?"

"भाडं हवं तर तेही देतो."

"जा हो," रेन्झे म्हणाला आणि आणायला गेला.

सूर्य कलला की काम सुरू. नळीच्या टोकाला बारीक छिद्रांची झारी. पाणी नखाच्या जाडीचं पडलं पाहिजे. जास्त पडलं तर खालचा थर वितळतो, कमी पडलं तर खडबडीत होतो. आपल्याच ओल्यावर पाय पडू नये म्हणून मागे मागे चालायचं. एका फेरीला चारशे पावलं, सगळी उलटी. मग पाऊण तास थांबायचं. मग पुन्हा. रात्रीत दहा थर. तीन सेंटिमीटरला तीस. फ्राउक्ये नळी ओढायला आली, थर्मासमध्ये वाटाण्याचं घट्ट सूप घेऊन.

"काका, चारशे पावलं झाली, आता पाणी मी मारते."

"तुझा हात हलतो."

"बँकेत माझा हात हलत नाही."

"बँकेत पाणी सांडत नसतं."

चौथ्या थरापासून त्याने तिला मारू दिलं. सातव्यात तिच्या हातून जास्त पाणी पडून फुगवटा आला, तो त्याने फावड्याने खरवडला आणि तो तुकडा पुन्हा करायला लावला. ती रडकुंडीला आली, पण केला.

पहाटे प्लास्टिक पसरायचं, सूर्य उतरला की गुंडाळायचं. दुसऱ्या संध्याकाळी गावातली चारेक माणसं न बोलावता आली आणि प्लास्टिक धरून उभी राहिली. त्यांत रेन्झे होता.

फ्राउक्ये फोनवर आकडे बघत होती. पहिला दिवस उणे दोन पूर्णांक दोन. दुसरा उणे दोन पूर्णांक चार. म्हणजे दोन दिवस गेले. तिसराही तसाच गेला तर करार बुडाला.

"आता मी देव पाण्यात घालून बसायचं ते थंडीसाठी की उबेसाठी?" ती म्हणाली.

"तू नळी सरळ धर."

"दहा हजारांचा प्रश्न आहे, काका."

"तो वरचा आहे." त्याने छातीला हात लावला. मग बोट खाली केलं. "आपण इथे."

पण तोही वर बघत होता. आकाशात एवढे तारे होते की मोजायची इच्छाच मरावी. जमिनीतली उरलीसुरली ऊब सरळ त्या काळोखात निघून जात होती. ती जाताना दिसत नव्हती, पण पायाखाली थर करकरायचा. एक मोठी करकर, मग शांतता. पाऊण तासाचं काम तिसऱ्या रात्री अर्ध्या तासात होऊ लागलं. सत्तर वर्षांत तो कितीतरी वेळा थंडीत उभा राहिला होता. ती अशी हाताखालच्या माणसासारखी काम करताना त्याने पहिल्यांदा पाहिली. नैऋत्येकडून ढग अकराला आले. तोवर तिसावा थर बसला होता.

सकाळी आठला त्याने हातड्रिलने सहा जागी भोकं पाडली. जाडी तीन सेंटिमीटर, तीन पूर्णांक एक, तीन, दोन पूर्णांक नऊ, तीन, तीन पूर्णांक दोन. दोन पूर्णांक नऊच्या जागी त्याने लाल झेंडी रोवली आणि फाटक उघडलं.

शाळा सुटली नव्हती, शिक्षकांनी सोडली. तीन वर्षांत पाय वाढलेली मुलं थोरल्यांचे स्केट कागद कोंबून घालून आली. म्हाताऱ्या बायका आधाराला खुर्च्या ढकलत उतरल्या. बर्फ काळा होता, डांबर आरपार दिसत होतं, आणि त्यावरून पाती जाताना रेशीम फाडल्यासारखा आवाज येत होता. रेन्झेची आई, ब्याऐंशी वर्षांची, हात पाठीमागे बांधून सात फेऱ्या मारून गेली. रेन्झे बांधावर उभा होता.

"आईला तीन वर्षांत एवढं हसताना पाहिलं नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मका दुसरीकडे लावीन."

होत्झे लाल झेंडी सरळ करायला गेला.

साडेअकराला फ्राउक्ये घसरत त्याच्यापाशी आली. तिने फोन पुढे धरला. कालचा तिसरा दिवस: उणे एक पूर्णांक सात. होर्नझाइलवर ढग संध्याकाळीच पोचले होते, त्यांनी राखलं होतं.

"काका, करार जिवंत आहे. फेब्रुवारी निभावला पाहिजे फक्त."

होत्झेने तो आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. सतरा किलोमीटरवर त्या कुरणात ती पांढरी वस्तू उभी असणार, आणि इथे सहाशे माणसं बर्फावर आहेत हे तिला ठाऊक नसणार. तिने तिचं काम चोख केलं होतं. त्याने त्याचं.

"माझे स्केट आण," तो म्हणाला.

"आणि गुडघे?"

"ते माझेच आहेत."

त्याने एक फेरी मारली, सावकाश, एका हाताने तिला धरून. फेरी संपताना पात्यामागे पाणी उडू लागलं होतं. बारा वाजता त्याने फाटक लावलं. संध्याकाळी डांबर ओलं आणि काळं होतं, बर्फ कुठे होता हे सांगायला लाल झेंडी तेवढी उरली.

फेब्रुवारी उबदार गेला. मार्चमध्ये कंपनीचा कागद आला, पाच पानांचा, आणि दहा हजार जमा झाले. सभेत भाडेपट्टा आणखी तीन वर्षांसाठी वाढला, रेन्झेने स्वतः सही केली, आणि एकशे नऊ नव्या सभासदांची नावं वाचून दाखवण्यात अर्धा तास गेला. पुढच्या हिवाळ्याचा करार घ्यायचा का, यावर पहिला हात होत्झेचा वर गेला. नळी फ्राउक्ये धरणार, हेही तेव्हाच ठरलं.

सभा सुटल्यावर त्याने तो कागद मागून घेतला. चष्मा लावून पाचही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तारखा होत्या, अंश होते, होर्नझाइल होतं. बर्फ कुठेच नव्हता.

त्याने कागद नीट घडी करून तिला दिला आणि पंपाला ग्रीस लावायला गेला.