‘स’ची शिट्टी

आमच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या काकांना सगळी गल्ली ‘बत्तीशी’ म्हणायची. तोंडावर ‘बत्तीशीकाका’. मी दातांची डॉक्टर. दवाखाना माझ्या वडिलांचा आणि काका वडिलांच्या वेळेपासूनचे. वडील गेले, खुर्ची बदलली, दिवे बदलले, काका मात्र होते तिथेच राहिले. चारचौघांत ते मला ‘डॉक्टरबाई’ म्हणत आणि रागावले की ‘बाळ’.

काका माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नसत, तोंडाकडे बघत. बसमध्ये एखाद्या बाईंना ते एकदम आपुलकीने विचारत, “खालची आता टोचत नाही ना?” बाई दचकत. मग त्यांच्या लक्षात येई की अकरा वर्षांपूर्वी आपली कवळी यांनीच केली होती. नावं काकांच्या डोक्यात टिकत नसत, पण कुणाचा सुळा कुठल्या बाजूने किती घासला होता हे ते झोपेतही सांगतील.

नवी कवळी बसवली की काका प्लास्टरने पांढरे झालेले हात पुसत बाहेर येत आणि पेशंटला म्हणत, “साठपासून सत्तरपर्यंत मोजा.” एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... या आकड्यांत ‘स’ इतके दाटीवाटीने येतात की कवळीत केसाएवढी फट राहिली तरी शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की काका कवळी काढून घेऊन आत जात. पेशंट बिचारा बोळक्या तोंडाने बसून राही. एका निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी तीन वेळा बासष्टवर अडवलं होतं.

संगीताशी काकांचा काडीचा संबंध नव्हता. तो आला तो माझ्यामुळे.

आतलं पॉलिशचं मशीन सुरू झालं की असं किंचाळे, की खुर्चीतल्या माणसाला वाटावं, आपल्या आधीचा पेशंटच आत ओरडतोय. एक धिप्पाड ट्रकचालक तर गळ्यातल्या कागदी रुमालासकट पळून गेला. तेव्हा मी म्हटलं, “काका, मशीन चालवाल तेव्हा आत काहीतरी संगीत लावत जा. मंद, शांत असं.”

“शांत म्हणजे कसलं?”

“बासरीबिसरी.”

काका जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. सोबत रेकॉर्ड्सनी भरलेला लाकडी खोकाही होता, कारण खोक्याशिवाय प्लेअर द्यायला दुकानदाराने साफ नकार दिला. खोका जहाजावरच्या एका वायरलेस ऑपरेटरचा होता. हा गृहस्थ प्रत्येक बंदरात उतरून एक रेकॉर्ड घ्यायचा, आणि चव अशी, की जी कुणीच घेत नाही तीच घ्यायची.

सोमवारी सकाळी खुर्चीत शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मी हिरडीत इंजेक्शन दिलं आणि बधिरता चढायची वाट बघत उभी राहिले. आत काकांनी पहिली रेकॉर्ड लावली. आधी डबा आपटल्यासारखं काहीतरी झालं. मग गिटार वाजू लागली, पण उलटी, म्हणजे प्रत्येक सूर शेवटाकडून सुरू होऊन सुरुवातीला संपत होता. मग एक तरुण आवाज आला, तोही कपडे धुण्याच्या मशीनमध्ये घालून गरगर फिरवल्यासारखा. मागे कुणीतरी बदकासारखं हसत होतं.

मुख्याध्यापिकांनी माझं मनगट घट्ट धरलं. “डॉक्टर,” त्या जड जिभेने म्हणाल्या, “तुम्ही मला नक्की काय टोचलंत?”

मी आत धावले. “काका, ही बासरी आहे?”

काका रेकॉर्डचं पाकीट डोळ्यांजवळ धरून उभे होते. त्यावर मखमली कोटातली चार पोरं झाडावर बसलेली होती आणि त्यांतल्या एकाच्या डोक्यावर किटली होती. “यंत्र बिघडलंय,” काका म्हणाले. “दुसरी लावतो.”

दुसरी आणखी वाईट निघाली. यंत्र ठणठणीत होतं. बिघाड होता तो एकोणीसशे अडुसष्ट सालात.

हे आम्हाला समजावलं काकूंच्या धाकट्या बहिणीने. काकांची ही मेहुणी इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती आणि चुका काढायला आता तिच्याकडे वह्याच उरल्या नव्हत्या. रेकॉर्ड्स बघताच ती कामाला लागली. आठवडाभर इंटरनेट खणून तिने आम्हाला सांगितलं की साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात गल्लोगल्ली अशा टोळ्या निघाल्या होत्या. पोरं फुलाफुलांचे शर्ट घालायची, स्वप्नात पडल्यासारखी गाणी करायची, एखाददुसरी रेकॉर्ड काढायची. ती कुणी विकत घ्यायचं नाही, की पोरं परत घरी जाऊन बँकेत चिकटायची. आणि आता पन्नासपंचावन्न वर्षांनी जगभरचे शौकीन त्याच रेकॉर्ड्ससाठी जीव टाकत होते.

झाडावरच्या पोरांच्या बँडचं नाव होतं ‘टीस्पून पार्लमेंट’. गाणं एका पोस्टमनचं. तो पत्रांऐवजी घरोघर ढग टाकत जातो आणि एक म्हातारी तिच्या ढगाची पोच द्यायला नकार देते. मेहुणीने सगळे शब्द ऐकून उतरवले आणि लाल पेनाने तपासले. “ढग अनेक आहेत आणि क्रियापद एकवचनी! यांना दहावी पास कुणी केलं?”

पण काका ते गाणं पुन्हा लावत. पुन्हा. मग पॉलिश नसतानाही लावत. काकू शिवणाच्या क्लासवरून येताना दवाखान्यात डोकावल्या, तर काका मेणात एकेक दात बसवताना मान डोलावत होते. काकू दारातच थबकल्या. “चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदाही गुणगुणला नाही,” त्या मला म्हणाल्या, “आणि गुणगुणला तो पोस्टमनवर!”

पेशंटना मात्र सवय झाली. मुख्याध्यापिका तर पुढच्या वेळी स्वतःच म्हणाल्या, “ते ढगवाले लावा.”

खरी गोष्ट सुरू झाली ती खोक्याच्या तळाशी. तिथे दुसऱ्याच एका बँडची रेकॉर्ड होती, ‘अंकल मोल्स वॉर्डरोब’. ती लागली आणि काकांनी पॉलिशचं मशीन बंद केलं.

“डॉक्टरबाई, जरा या इकडे.”

मी गेले. त्यांनी सुई उचलून मागे ठेवली. “ऐका. ‘सिल्व्हर’ म्हणतोय बघा. ‘सी’ वाजली?”

“काय वाजली?”

“शिट्टी, बाळ!” म्हणजे रागावले. “वरचा, डावीकडचा, पुढून दुसरा. तो दात नाही याला. हवा तिथून सुटतेय. आता ही ऐका.” त्यांनी ढगवाली लावली. “तोच दात. तीच फट. हे दोन बँड असतील, पण तोंड एकच आहे.”

मी कान देऊन ऐकलं. दातांच्या कॉलेजात मी पाच वर्षं काढली आहेत. मला काहीही ऐकू आलं नाही.

मेहुणीने चौकशी केली तेव्हा कळलं की ‘अंकल मोल्स वॉर्डरोब’चा गायक कोण, यावर शौकिनांमध्ये गेली वीस वर्षं कडाक्याची भांडणं चालू होती. पाकिटावर नाव नव्हतं, फोटो नव्हता, नुसतं एक कपाट होतं. एक गट म्हणे हा कुणी थिएटरवाला, दुसरा म्हणे ही मुळात बाईच आहे. मेहुणीने त्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर काकांचं म्हणणं शुद्ध इंग्रजीत लिहिलं आणि खाली काकांनी काढलेलं वरच्या जबड्याचं चित्र जोडलं. त्यात एक दात काळा रंगवलेला होता.

सगळे तुटून पडले. एकाने विचारलं, बँडच्या आवडीची टूथपेस्टही सांगा. काका शांत होते. म्हणाले, “लिही, हसताना त्याचा स्वतःचा खालचा सुळा वाकडा दिसतोय, तो आधी दाखवून घे.” त्या गृहस्थाचा फोटो मंचावर होता.

तीन आठवडे हे चाललं. चौथ्या आठवड्यात एका बाईंचं पत्र आलं. “ते माझे वडील. दोन्ही बँडमध्ये तेच गात. तेव्हा दुसऱ्या कंपनीशी करार झालेला होता, म्हणून नाव लपवलं. दात मात्र तुम्ही म्हणता तोच. स्टेजवर माइक स्वतःकडे ओढताना पडला. हे घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्या गृहस्थांना कसं कळलं?”

 दोन दिवसांनी मंचावर वाकड्या सुळ्याच्या माणसाने माफी मागितली.

मुलीने वडिलांशी बोलणं जुळवून दिलं आणि त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे दवाखान्यातल्या संगणकासमोर बसलो. पडद्यावर गायक आला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, स्वेटरला कोपरावर ठिगळ. बँडनंतर आयुष्यभर त्याने कपडे धुण्याचं दुकान चालवलं होतं. काकांनी नवा शर्ट घातला होता. मेहुणी दुभाषी होती आणि तिने संगीतावरचे बावीस प्रश्न लिहून आणले होते.

पहिल्याच प्रश्नाला गायक बोलू लागला आणि त्याची वरची कवळी खाली घसरली. त्याने ती जिभेने वर ढकलली. पुन्हा घसरली.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. “विचार त्याला, ही कुणी केली? सुताराने?”

मेहुणीने ते जरा मवाळ करून विचारलं. गायकाचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्याला संगीताबद्दल विचारणारे बरेच भेटले होते, पण कवळीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. तो पंचवीस मिनिटं बोलला. कुठे टोचते, सफरचंद कसं सोडावं लागलं, शिंक आली की कशी धांदल उडते. बावीस प्रश्नांचा कागद मेहुणीच्या हातात तसाच राहिला.

ठरलं असं, की त्याच्या गावातल्या दंतवैद्याने तोंडाचं माप घ्यायचं, प्लास्टरचे साचे पोस्टाने पाठवायचे आणि काकांनी कवळी करायची. ते साचे आले तेव्हा काकांनी ते तळहातावर घेतले आणि किती वेळ नुसते बघत राहिले. पुढून दुसऱ्या दाताच्या जागी हाड खोल गेलं होतं. “हे बघा,” ते हळूच म्हणाले, “गाणं इथून निघत होतं.”

दोन महिने मेणाचे नमुने जाऊन-येऊन करत होते. शेवटी कवळी गेली आणि अशी बसली, की गायकाने कॅमेऱ्यासमोर आख्खं सफरचंद खाऊन दाखवलं. काकू आनंदाने टाळ्या वाजवू लागल्या. मग मुलीच्या आग्रहाखातर त्याने पोस्टमनचं गाणं म्हटलं.

आवाज म्हातारा होता, पण सुरात होता. प्रत्येक ‘स’ स्वच्छ होता. गाणं संपलं. गायक हळूच म्हणाला, “हा मी नाही.”

काकांनी जेवण सोडलं नाही, पण दोन दिवस रेकॉर्ड लावली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “दुसरी करतो. फटीची.”

“काका! माझ्या दवाखान्यातून मुद्दाम बिघडवलेली कवळी बाहेर जाणार नाही. वडिलांना काय वाटलं असतं?”

“बिघडवलेली नाही ती. एक जेवायची, एक गायची. तुमचे वडील वाचायचा चष्मा वेगळा वापरत नव्हते?”

मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

जन्मभर काकांनी शिट्टी घालवायचं काम केलं होतं. ती आणायला त्यांना सहा आठवडे लागले. एकदा फट मोठी झाली आणि नुसता वारा वाहू लागला. एकदा लहान झाली, तर ऐकून कुत्री भुंकू लागतील असा बारीक आवाज निघाला. स्वतःचे दात शाबूत असल्याने त्यांना स्वतःवर प्रयोग करता येईना. शेवटी न्यायाधीशांना विनंती केली. त्यांच्या मापाच्या जुन्या कवळीत काका फटी पाडून बघत आणि न्यायाधीश खुर्चीत ताठ बसून ‘सिल्व्हर, सिल्व्हर’ म्हणत. आधी तीन वेळा शिट्टीवरून नापास झालेला तो माणूस आता शिट्टी वाजत नाही म्हणून नापास होत होता. एके दिवशी ती बरोब्बर वाजली. काका इतके खूश झाले की न्यायाधीशांच्या गालाला प्लास्टरचा हात लावून बसले.

ती फटीची कवळी पोचल्यावर गायकाचं गाणं ऐकायला त्याच्या गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक शौकीन जमले. वाकड्या सुळ्याचा माणूस विमानाने आला होता. आम्ही इकडून बघत होतो. पहिलं गाणं सुरू झालं आणि काका ओरडले, “अरे, जेवायचीच घालून आलाय!” मेहुणीने ताबडतोब मुलीला निरोप धाडला. गायक पाठ फिरवून काहीतरी खुडबुड करून परत वळला. पुढच्याच ओळीत ती शिट्टी आली, आणि हॉलमधला एक टक्कल पडलेला माणूस लहान मुलासारखा रडू लागला. काकू म्हणाल्या, “याला काय झालं? दात दुखतोय का?”

पुढे दोन्ही रेकॉर्ड्स नव्याने निघाल्या. मागच्या बाजूला छोट्या अक्षरांत गिटार, ड्रम, ऑर्गन वाजवणाऱ्यांची नावं आहेत. शेवटची ओळ आहे, ‘दात : बटीशी’. स्पेलिंगवरून मेहुणीने त्यांना दीड पानी पत्र लिहिलं.

आता दर गुरुवारी दुपारी गायकाचा फोन येतो. सुरुवातीला मेहुणी दुभाषी म्हणून बसायची, पण महिन्याभरात कंटाळली आणि चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागली. दुभाषीच नाही म्हटल्यावर फोन थांबणार असं आम्हाला वाटलं होतं. काकांना इंग्रजी ‘अप्पर’ आणि ‘लोअर’ एवढंच येतं, आणि गायकाला आपली भाषा अजिबात नाही. तो त्याच्या कुंडीतले टोमॅटो कॅमेऱ्याजवळ आणतो, काका चालू असलेली कवळी वर धरतात. वीस-पंचवीस मिनिटं दोघं आपापल्या भाषेत काहीतरी सांगतात आणि नेमक्या एकाच वेळी हसतात. काय बोलता, असं मी एकदा विचारलं.

“कामाचं,” काका म्हणाले आणि दार लोटून घेतलं.