सोड्याची टाकी

आमचे धनी सहादेव तिसगावच्या बाजारात गोटी सोडा विकायचे. माणूस सोन्यासारखा, पर एक खोड वाईट. कुनाला न्हाई म्हनायचं त्यांच्या जिवावर यायचं. ताटातली भाकर पावन्याला देनार अन् मागनं माझ्यापाशी कुरकुरनार.

मोठा दुष्काळ सरला, तरी वाडीच्या बोअरचं पानी खालीच चाललं हुतं. दिसभर हापसा हापसला तवा घरटी एक हंडा. त्यो बी आटला तर वाडी उठनार, हे शेंबड्या पोराला ठावं हुतं.

त्यात यांचा भाचा कानिफनाथ सुट्टीवर आला. मुंबईच्या समुद्रात तेलासाठी भोकं पाडत्यात, त्या जहाजावर त्यो सैपाकी. पारावर बसून सांगाय लागला, "साहेब लोक म्हनत्यात, तेल यायचं थांबलं की खाली ग्यास दाबायचा. त्यो तेलात मुरला की तेल पातळ हुतं, ऱ्हायलेलं वर सरकतं. अन् ग्यास कंचा? मामाच्या सोड्यातलाच."

झालं. बोअरात बी ग्यास सोडा म्हनून सगळी वाडी आमच्या दारात.

"अगं, ते तेल हाय, हे पानी," हे मला घरात म्हनाले.

"मग भायेर जाऊन सांगा की."

"कसं सांगू? आक्काबाई माझ्या पाया पडली." आक्काबाई यांच्या आईच्या वयाची. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिशी हापसा उचकटला. बोअरात पार तळापातुर नळी सोडली अन् यांनी सोड्याच्या ग्यासच्या टाकीची चावी फिरवली. आतनं गुरगुरलं अन् पानी पुरुषभर उसळलं. पोरं नाचली, आक्काबाईनं हळदकुंकू वाह्यलं. हे मातुर पांढरेफटक. "हंडं लावा, हंडं लावा," म्हनत हुते. कोन ऐकतंय? व्हतं न्हवतं तेवढं पानी मातीनं पिलं.

टाकी सपली. हापसा परत बसवला. आधी गाळ आला, मग गाळ बी यीना.

बाया रिकामं हंडं घिऊन घरला वळल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. आक्काबाई तेवढी जवळ आली, यांच्या पाठीवर हात ठेवून म्हनाली, "ग्यास कमी पडला रं लेकरा. मोठी टाकी आन."

"आनतो," हे म्हनाले.

घरी आल्यावर मी इचारलं, "खाली पानी हाय का?"

"टिपूस न्हाई."

"मग कशापायी जाता?"

"तू सांग तिला."

रिकामी टाकी सायकलला बांधून हे नगरच्या वाटंला लागले. आक्काबाई बोअरापाशी हंडा घिऊन बसली हुती. मी गेले, तिच्याजवळ बसले, अन् काय बी बोलले न्हाई.