भाड्याच्या गाडीला जोतिबाचा गुलाल

प्रवासाला निघायच्या आधीच मी दमून गेले होते. कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईच्या बसची वाट बघत बॅगेवर बसले होते, तर शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नाला चाललायसा व्हय?" मी म्हटलं, "न्यूझीलंडला." तिनं माझ्या पायातल्या चपलांपासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि पिशवी घेऊन जरा लांब सरकून बसली. तिची काय चूक? मलाच अजून खरं वाटत नव्हतं.

आमच्या ह्यांचा धंदा गाड्यांचा. दोन जीपगाड्या. एक ड्रायव्हर चालवतो, दुसरी हे स्वतः. जोतिबा, नरसोबाची वाडी, लग्नाची वऱ्हाडं, हेच त्यांचं सगळं आयुष्य. गेल्या वर्षभरात मात्र गाडीची डावी बाजू सारखी घासायला लागली होती. उचगावात एका दुकानाच्या पायरीला, मग आमच्याच फाटकाला, तेही दोनदा. मी म्हणायचे, "अहो, डोळे दाखवा." ते म्हणायचे, "डोळ्याला काय धाड भरलीया? रस्तं बारीक झाल्यात." डॉक्टरनं नको ते सांगितलं तर स्टिअरिंग सुटणार आणि स्टिअरिंग सुटलं तर हा माणूस घरात बसून करणार काय, ही भीती त्यांना होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू! पण पाठीमागं माणसं बसवून हे घाट चढतात, या विचारानं माझी झोप उडायची.

त्यात बंगळुरात नोकरी करणाऱ्या आमच्या विनयनं विमानाच्या तिकिटांचे पैसे पाठवले. "बाबांना परदेशात स्वतः गाडी चालवायची आहे ना? जाऊन या." मी तेवढ्यावर अडून बसले. म्हटलं, आल्याबरोबर डोळे दाखवणार असाल तरच येते. देवासमोर उभं राहून त्यांनी शब्द दिला. मग मी कामाला लागले.

आणि काम म्हणजे काय काम! राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून भाड्याच्या गाड्या शोधायच्या, ई-मेल पाठवायची, उत्तर आलं का बघायला परत जायचं. ह्यांनी निम्मं जग आधीच रद्द केलं होतं. "जिथं उजवीकडनं गाड्या चालवत्यात, तिथं मी येत न्हाय. डाव्या हातानं मी जेवत न्हाय, तर गाडी काय चालवू?" राहिलं न्यूझीलंड. तिथल्या दक्षिण बेटाचा नकाशा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. हे वाकून बघायचे आणि म्हणायचे, "ही म्हणजे आंबोली झाली. ही गारगोटीची वाट. हाय काय त्यात!" राहायची-झोपायची सोय असलेली कॅम्परव्हॅन (चुलीपासून पलंगापर्यंत सगळा संसार आत असलेली गाडी) घ्यायची असं मी ठरवलं तेव्हा मात्र ते चिडले. "लोकांस्नी भाड्यानं गाडी देणारा माणूस मी. मीच भाड्याची गाडी घ्यायची?"

आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना काढायला गेलो तेव्हा मी माझाही अर्ज भरला. माहेरी हुपरीला जायला घरातली लहान गाडी मीच चालवते. "तुला कशाला?" ह्यांनी विचारलं. "असू दे की, पडून राहील पेटीत," मी म्हटलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण त्या दिवशी दोघांनी गुमान सह्या केल्या.

ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर उतरलो तेव्हा पाय सुजून भाकरीसारखे झाले होते. तिथं खाण्याचा प्रत्येक जिन्नस दाखवावा लागतो. आमच्या पिशवीतून कांदा-लसूण चटणी, भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) आणि जोतिबाचा प्रसाद निघाला. प्रसादाची खोबऱ्याची वाटी तिथल्या बाईनं हातमोज्यानं उचलून बाजूला ठेवली. मग गुलालाची पुडी उघडून वास घेतला आणि शिंकांवर शिंका द्यायला लागली.

"हे खायचं असतं?"

"नाही, देवाचं असतं," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं.

तिनं नाक पुसत पुडी परत दिली. चटणीही वाचली. त्या चटणीनं पुढं आम्हाला जगवलं.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तर एक हसरी मुलगी गॅस, पाण्याची टाकी, पलंग कसा उघडायचा, सगळं दाखवायला लागली. हे कुठं तिच्याकडं बघतायत! ते गाडीखाली. तेल बघितलं, टायरला लाथा घातल्या, स्टेपनी उतरवायला लावली. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी ह्यांचा जेवढा जीव खाल्ला, तेवढा सगळा त्यांनी त्या पोरीवर काढला. मग म्हणाले, "थांब, पूजा व्हायची हाय."

पूजा केल्याशिवाय आमच्या दारातून नवी गाडी हलत नाही. ही भाड्याची आहे, परत द्यायची आहे, हे मी सांगून बघितलं. "देवाला काय कळतंय भाड्याची का घरची!" वाटेतल्या दुकानातून त्यांनी नारळ आणि लिंबं घेऊन ठेवली होती, मला न सांगता. चाकांखाली लिंबं गेली. नारळ फुटला. पुडीतला गुलाल पाण्यात कालवून त्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या तोंडावर दोन्ही हातांनी फासला आणि मोठ्यांदा ओरडले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून गाडीत जाऊन बसले.

रस्ते काय सांगू! एक खड्डा असेल तर शपथ. दोन्ही बाजूंना कुरणं, त्यात मेंढ्याच मेंढ्या, माणूस औषधालाही नाही. कुणीही खूश झालं असतं. मी मात्र सीटची कड धरून बसले होते. हे मधल्या पांढऱ्या रेघेला चिकटून गाडी चालवत होते. "अहो, जरा डावीकडं घ्या." "हाय की डावीकडं!" समोरून ट्रक आला की माझा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. एकच गाडी जाईल असे पूल लागायचे, तिथं पाटी वाचून थांबायचं असतं. त्या पाट्या डावीकडं असायच्या आणि त्या मी वाचून दाखवायचे. टेकापोचं तळं आलं, निळ्या रंगात दूध ओतावं तसलं पाणी, काठाला जांभळी फुलं. मी म्हटलं, "बघा तरी!" ते "हूं" म्हणाले आणि रेघेकडं बघत राहिले.

मुक्कामाच्या जागी मी झुणका टाकला. वासानं शेजारच्या गाडीतलं एक म्हातारं जोडपं विचारपूस करत आलं. चटणीची चिमूट जिभेवर ठेवून म्हातारबुवा लालबुंद झाले, तांब्याभर पाणी प्याले आणि पुन्हा हात पुढं केला. हे पोट धरून हसले. त्या प्रवासातलं ह्यांचं ते पहिलं हसू होतं. मला मात्र हसायलाही त्राण नव्हतं. दिवसभर मी एका डोळ्यानं रस्ता आणि एका डोळ्यानं ह्यांना बघत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. ओमारामाच्या अलीकडं मागून एक गाडी आली आणि तिच्यावरचे दिवे लुकलुकायला लागले. पोलीस. हे थांबेचनात, मी ओरडले तेव्हा कुठं थांबले. पोलीस पावसात उतरून माझ्या बाजूच्या खिडकीशी आला. काच खाली केली. तो माझ्या खांद्यापाशी उभा आणि हे नाकासमोर बघत बसलेले. मी ह्यांच्या मांडीवर हात ठेवला तेव्हा दचकून वळले.

"तुमच्या गाडीला काही धडकलं आहे का?" पोलिसानं विचारलं. समोरून आलेल्या एका गाडीतल्या बाईनं फोन केला होता, पांढऱ्या गाडीचं तोंड रक्तानं भरलंय आणि ती रेघेच्या पलीकडं जातेय म्हणून. मी उतरून बघितलं. अरे देवा! पावसानं गुलाल विरघळून पार खालपर्यंत लाल ओघळ आले होते. मी दोन्ही हात जोडून सांगायला लागले, रक्त नाही, देवाचा रंग आहे. त्यानं बोट लावून बघितलं, बोटाकडं बघून हसला. मला वाटलं, सुटलो.

पण तो गेला नाही. ह्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "मी मघाशी त्या खिडकीशी उभा होतो. तुम्हाला दिसलो नाही का?" मी ते मराठीत सांगितलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यानं ह्यांना खाली उतरवलं, समोर उभं केलं आणि सरळ माझ्या नाकाकडं बघा म्हणाला. ह्यांच्या उजवीकडं हात उचलला. हे म्हणाले, "येस." डावीकडं उचलला. हे काहीच बोलले नाहीत. हात हलवला. पाऊस ह्यांच्या चष्म्यावरून गळत होता. त्यानं हात हळूहळू पुढं आणला, अगदी तोंडासमोर आल्यावर हे म्हणाले, "येस."

तो फार सभ्य माणूस होता. म्हणाला, "डोळ्यांचं मला कळत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण हा रस्ता तुम्ही चालवायचा नाही. बाईंकडं परवाना आहे?" मी परवाना काढून दिला.

"तिला पुढचा घाट जमायचा न्हाय," हे मराठीत पुटपुटले.

"जमंल. मी चालवतो," मी म्हटलं. (आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.) "तुम्ही बसा."

लिंडिस खिंडीचा तो रस्ता मी कसा चढले माझं मला माहीत. एवढी मोठी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. हे सुरुवातीला "गिअर टाक, गिअर टाक" करत राहिले, मग तेही थांबलं. पाऊस थांबला. दोन्ही बाजूंना वाळक्या गवताचे पिवळे डोंगर लागले, दिवाळीनंतर आमच्याकडचं मसाईचं पठार दिसतं तसले. मला बघायला फुरसत नव्हती. हे मान वळवून वळवून बघत होते.

वानाकाला पोचल्यावर गाडी बंद केली आणि मी तशीच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. ह्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"सुनंदे, मला म्हाईत होतं. जोतिबाच्या घाटात, वऱ्हाड घेऊन गेलतो तवा, डाव्या अंगाला एक मोटरसायकल होती. नवरा, बायको, पुढं टाकीवर पोरगं. मला दिसलीच न्हायत. क्लीनर ओरडला म्हणून वाचली."

मी डोकं वर केलं. "आणि तरी चालवत राहिलासा?"

"मग काय करू? दुसरं येतंय काय मला?" आणि हा एवढा दांडगा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मला राग आला होता, भयंकर राग आला होता आणि दयाही येत होती.  उठून भात टाकला.

पुढच्या सगळ्या प्रवासात गाडी मीच चालवली. हास्टची जंगलं, पश्चिम किनारा, तिथल्या चावऱ्या माश्या, बर्फाची नदी, सगळं आलं आणि गेलं. माझी कंबर धरली, खांदे भरून आले. मुक्कामाला पोचले की आडवी व्हायचे. हे भांडी घासायचे, पाणी भरायचे, चहा करायचे. लग्न झाल्यापासून ह्यांच्या हातचा चहा मी तिथं पहिल्यांदा प्याले. साखर जास्त होती.

कोल्हापुरात आल्यावर दिलेला शब्द त्यांनी पाळला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, राहिलेलं थेंब घालून राखायचं. गाडी मात्र बंद.  ह्यांनी घरी येऊन आपल्या जीपची चावी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही.

महिन्याभरानं हुपरीला गेलो. माझ्या भावाचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना घरातच आहे. पुढच्या सोप्यात कारागीर बसलेले, ह्यांच्यासाठी खुर्ची टाकली, मी शेजारी बसले. भावानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय दाजी, परदेशात गाडी पळवली म्हणं! सगळी तुम्हीच मारली असणार की?"

ह्यांचा चेहरा मला बघवेना. मीच घाईनं म्हटलं, "व्हय, ह्यांनीच की."

"खोटं कशाला बोलतीस?" हे म्हणाले. मग भावाकडं वळून, नेहमीच्या मोठ्या आवाजात, "दोन दिवस मी चालवली. मला डावीकडचं दिसत न्हाय. पोलिसानं उतरवलं. बाकीचा सगळा देश हिनं चालवला, घाटासकट. मी निस्ता शेजारी बसून डोंगर बघितलं. लई भारी डोंगर हाईत."

कारागिरांचे हात थांबले.  माहेरी मी कधी डोळ्यांतून पाणी काढलेलं नव्हतं. त्या दिवशी मला आवरेना, पदर तोंडाला लावला. पण ह्यांनी बघितलंच. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते.